आपली टाकी, आपले प्रश्न : दिवसा न दिसणारा काटेरी कॅटफिश

गेल्या काही महिन्यांत विदर्भातल्या गावांतून आलेल्या पत्रांमध्ये एकाच माशाची चौकशी वारंवार झाली. दक्षिण अमेरिकेतला हा छोटा काटेरी कॅटफिश दुकानांत 'राफेल' किंवा 'बोलणारा कॅटफिश' या नावाने विकला जातो. म्हणून या वेळचे सदर त्याच्यासाठीच ठेवले आहे. पत्रे संक्षिप्त करून दिली आहेत.

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी नातवासाठी दोन इंच लांबीचा काटेरी कॅटफिश आणला. पहिल्या दिवशी तो काचेपाशी दिसला, त्यानंतर टाकीतल्या लाकडामागे जो शिरला तो बाहेर आलाच नाही. तो जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी नातू रोज शाळेतून आल्यावर लाकूड उचलतो. मासा दिवसा बाहेर यावा म्हणून काय करावे?
— एक निवृत्त शिक्षक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : गुरुजी, सर्वप्रथम नातवाचे लाकूड उचलणे थांबवावे. दिवसा बाहेर न येणे हा या माशाचा आजार नसून स्वभाव आहे. उलट तो भर दुपारी टाकीत सैरावैरा फिरताना दिसला, तर पाणी बिघडले असावे अशी शंका घ्यावी.

हा मासा डोराडिडी कुळातला. अॅमेझॉन, ओरिनोको आणि पॅराग्वे-पाराना या नद्यांची खोरी आणि गयानाचा प्रदेश हे या कुळाचे घर आहे. तेथे बुडालेली झाडे, मुळ्या आणि कुजणारा पालापाचोळा यांच्या सांदीकोपऱ्यांत हे मासे दिवस काढतात आणि अंधार पडल्यावर तळाशी अन्न शोधत हिंडतात. त्यांच्या अंगावर खवले नसतात. त्याऐवजी दोन्ही बाजूंना डोक्यामागून शेपटीपर्यंत हाडांच्या पट्ट्यांची एकेक रांग असते आणि प्रत्येक पट्टीवर मागे वळलेला एक काटा असतो. पाठीवरच्या आणि छातीजवळच्या परांचे पुढचे काटे करवतीसारखे दातेरी असून मासा ते ताठ करून जागच्या जागी अडकवून ठेवू शकतो. बिळात असा घट्ट रुतून बसलेला मासा सहजासहजी ओढून निघत नाही. लाकूड उचलताना तो काटे ताठ करून लाकडाच्या फटीत अडकलेला असेल, तर त्याला इजा होते, आणि रोजच्या रोज लपण्याची जागा हलत असेल तर तो खाणेही सोडतो.

दुकानात 'राफेल' या नावाखाली निदान तीन मासे मिळतात, आणि कोणता आणला हे ठाऊक असणे महत्त्वाचे आहे. काळ्या अंगावर दोन्ही बाजूंनी पांढरट पट्टा असेल तर तो प्लॅटिडोरस आर्मॅट्युलस होय. जुन्या पुस्तकांत तो कोस्टॅटस या नावाने सापडतो, परंतु 2008 साली ते नाव वेगळ्या जातीचे असल्याचे स्पष्ट करण्यात आले. हा 20 सेंटीमीटरच्याही पुढे वाढतो. काळ्या अंगावर पांढरे ठिपके असतील तर तो अॅगॅमिक्सिस, साधारण 15 सेंटीमीटरचा. अंग तपकिरी आणि चट्ट्यापट्ट्यांचे असेल तर बहुधा अँब्लिडोरस, जो 10 सेंटीमीटरच्या आसपास राहतो. दोन फुटी टाकीत आयुष्यभर सुखाने राहील असा यांतला कोणताच नाही, मात्र अँब्लिडोरससाठी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे सुमारे 150 लिटरची टाकी पुरते. पट्टेवाल्याला चार फुटी लागते.

नातवाला मासा दाखवायचा असेल, तर एक जुना उपाय सांगतो. टॉर्चच्या काचेवर पतंगाचा लाल कागद दुहेरी लावून रबराने बांधावा, घरातले दिवे मालवावेत आणि टाकीसमोर गप्प बसावे. तांबडा उजेड या माशांना फारसा खटकत नाही. माझ्या टाकीतला मासा दिवे गेल्यानंतर साधारण अर्ध्या तासाने निघतो. आधी कवेलूच्या तोंडाशी नुसत्या मिश्या दिसतात. या कुळात मिश्यांच्या तीन जोड्या असतात, एक वरच्या जबड्याला आणि दोन हनुवटीखाली. मग रुंद डोके बाहेर येते, मासा तळाला पोट टेकवून पुढे सरकतो, मिश्यांनी रेती चाचपतो आणि एखादा किडा लागला की तोंडाने रेतीसकट उचलून रेती कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. रेती कल्ल्यातून गळताना टॉर्चच्या उजेडात बारीक धुरासारखी दिसते. मुले हे एकदा पाहिल्यावर लाकूड उचलायला जात नाहीत, हा माझा अनुभव आहे.

कवेलूचा उल्लेख आलाच आहे म्हणून सांगतो. पडक्या घरांची अर्धगोल देशी कवेलू या माशासाठी दुकानातल्या महागड्या शोभेच्या किल्ल्यांपेक्षा सरस. साबण न लावता ब्रशने घासून, दोन दिवस पाण्यात भिजवून ती पालथी ठेवावीत. दोन्ही टोके उघडी असल्याने मासा अडकत नाही. शोभेच्या वस्तूंना असलेली लहान भोके आणि अरुंद पाइप यांत मात्र हा मासा डोके घालतो, काटे ताठ करतो आणि मागे फिरू शकत नाही. अशा वस्तू टाकीत नकोत. तळाला नदीची गोल कणांची बारीक रेती धुऊन घालावी, क्रशरची चुरी नको. रेतीवर लिंबाचे चार थेंब टाकून पाहावेत. फेस आला तर त्या रेतीत चुना आहे आणि ती पाणी जड करील.

प्रश्न : आमच्या गावचे बोअरचे पाणी खारट आहे. दुकानदार म्हणतो, कॅटफिश कोणत्याही पाण्यात जगतो. हे खरे आहे काय? पिण्यासाठी आम्ही आरओ प्लांटचा कॅन आणतो. तेच पाणी टाकीत वापरावे काय?
— एक वाचक, ता. मूर्तिजापूर, जि. अकोला

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे अर्धे खरे आहे. काटेरी कॅटफिश किंचित आम्लापासून किंचित अल्कलीपर्यंतचे, म्हणजे साधारण 6 ते 7.5 सामूचे (पीएचचे) पाणी चालवून घेतो, आणि थोड्याशा जड पाण्यालाही सरावतो. जड पाणी आणि खारे पाणी या मात्र दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आपण पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात राहता. जे पाणी आपल्या पिकालाही मानवत नाही, ते जवळजवळ क्षारहीन नद्यांतून आलेल्या माशाला मानवेल अशी अपेक्षा धरू नये.

कॅनचे पाणी निव्वळ वापरणेही योग्य नाही, कारण त्यातले क्षार जवळजवळ काढून टाकलेले असल्याने त्याचा सामू स्थिर राहत नाही. तीन भाग कॅनचे आणि एक भाग बोअरचे असे मिश्रण करून सुरुवात करावी आणि टीडीएसची, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारी, पेन घेऊन ते मोजत राहावे. 150 ते 250 च्या दरम्यान आकडा आला म्हणजे पुरे. पावसाळ्यात हा खर्च वाचतो. पहिले दोन-तीन पाऊस जाऊ देऊन पत्र्याचे छत धुतले गेले की पन्हाळीचे पाणी स्वच्छ ड्रममध्ये साठवावे आणि कॅनच्या जागी वापरावे.

एक चूक खारपाणपट्ट्यातले बहुतेक जण करतात. उन्हाळ्यात टाकीतले पाणी उडून कमी होते, पण क्षार मागेच राहतात. कमी झालेल्या पाण्याच्या जागी बोअरचे पाणी घालत गेल्यास महिन्याभरात टाकी मूळ बोअरपेक्षाही खारट होऊ शकते. म्हणून उडालेले पाणी भरताना केवळ कॅनचे किंवा पावसाचे घालावे, आणि मिश्रण आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदलताना वापरावे. बोअरमधून नुकतेच उपसलेले पाणी प्राणवायूने कमी असते, ते बादलीतून बादलीत उंचावरून ओतून घ्यावे. ग्रामपंचायतीच्या नळाला ब्लीचिंग पावडर घातलेली असल्यास पाणी उघड्या टोपात दिवसभर ठेवावे किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब घालावेत.

प्रश्न : मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या पुढे जातो आणि त्याच वेळी वीज चार-चार तास जाते. टाकीत बर्फ टाकला तर चालेल काय?
— एक शेतकरी, ता. वरोरा, जि. चंद्रपूर

उत्तर : या माशाला 24 ते 28 अंश तापमान मानवते. 30 पर्यंत तो निभावून नेतो, त्यापुढे प्रश्न केवळ उष्णतेचा राहत नाही. 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 35 अंशांना तो सुमारे 7 मिलिग्रॅमवर येतो, आणि तापलेल्या पाण्यात माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. टाकीत कुजणारे उरलेले अन्न असेल, तर जीवाणू त्यातलाही वाटा घेतात. म्हणून उन्हाळ्यात खाद्य निम्म्यावर आणावे.

बर्फाचा हिशेब करून पाहावा. 1 लिटरच्या बाटलीत गोठवलेला बर्फ 100 लिटर पाण्याचे तापमान जेमतेम 1 अंशाने उतरवतो, आणि वीज गेल्यावर नवा बर्फ गोठणार कोठे? बाटली बंद असेल तर अपाय नाही, पण भिस्त तिच्यावर ठेवू नये. त्याऐवजी टाकी घरातल्या सर्वांत थंड भिंतीला, मातीची भिंत असेल तर उत्तमच, हलवावी. पश्चिमेची खिडकी गोणपाटाने झाकावी, टाकीवरचे काचेचे झाकण काढून जाळी ठेवावी आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा जाईल असा लहान पंखा लावावा. बाष्पीभवनाने 2 ते 3 अंश सहज उतरतात. आपल्याकडची मेमधली कोरडी हवा या एका बाबतीत उपकारक आहे. माठ ज्या कारणाने थंड होतो त्याच कारणाने टाकी थंड होते. टाकीवरचा दिवा त्या दिवसांत बंदच ठेवावा, माशाला तो नकोच असतो.

विजेसाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणि स्पंजाचा फिल्टर ही जोडी ग्रामीण भागात सर्वांत भरवशाची. बंद डब्याचा फिल्टर चार तास बंद राहिला की आतले पाणी साफ ठेवणारे जीवाणू गुदमरून मरतात आणि वीज आल्यावर ती घाण टाकीत येते. तो वापरत असल्यास पुन्हा सुरू करण्यापूर्वी आतला स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळून घ्यावा. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यात पिळू नये. आणखी एक गोष्ट म्हणजे पंप पाण्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवला असेल, तर वीज जाताच नळीतून पाणी उलटे वाहू लागते. एका पहाटे माझ्या घरातली जमीन ओली आणि टाकी निम्मी रिकामी सापडली, तेव्हा मला हा धडा मिळाला. नळीत पंधरा-वीस रुपयांचा एकमार्गी व्हॉल्व्ह बसवावा, किंवा पंप खिळ्याला उंच टांगावा.

प्रश्न : टाकी धुण्यासाठी मासा जाळीने काढला, तर तो जाळीत असा गुंतला की सुटेना, आणि हातात धरला तेव्हा स्पष्ट 'कर्र कर्र' असा आवाज करू लागला. सासूबाई म्हणतात, मासा रडतो आहे, त्याला सोडून द्या. हा आवाज कशाचा?
— एक गृहिणी, ता. साकोली, जि. भंडारा

उत्तर : आवाज दोन प्रकारे होतो. छातीजवळचा काटा खोबणीत फिरवताना त्याच्या बुडाचा खरखरीत भाग घासला जातो आणि करकर ऐकू येते. दुसरा आवाज अधिक घुमणारा असतो. डोक्याच्या मागच्या भागापासून निघालेले स्नायू एका लवचिक हाडाच्या पट्टीला झपाट्याने ताणतात आणि सोडतात, ती पट्टी हवेच्या पिशवीला थरथरवते, आणि पिशवी ढोलकीच्या पानासारखी घुमते. पकडल्यावर हा मासा आवाज करतो तो बहुधा पकडणाऱ्याला दचकवण्यासाठी. सासूबाईंना सांगावे की तो रडत नसून दरडावत आहे. पण त्याला सोडावे हे त्यांचे म्हणणे बरोबर होते.

जाळी या माशासाठी कधीही वापरू नये. माझा पहिला काटेरी कॅटफिश मी जाळीनेच काढला होता. छातीचे दोन्ही काटे आणि बाजूचे निम्मे काटे नायलॉनमध्ये गुंतले, आणि मी जितके सोडवू पाहिले तितके ते अधिक रुतले. शेवटी भरतकामाच्या कात्रीने जाळी एकेक घर करून कापावी लागली. मासा वाचला, जाळी गेली, आणि काटा व अंग यांच्यामध्ये सापडलेली माझी तर्जनी दोन दिवस सुजली होती. अशा जखमेला साबणाने धुऊन डॉक्टरांना दाखवावे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

मासा जाळीत अडकलाच, तर जाळीसकट तो पाण्यात परत ठेवावा आणि अंधार करून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. पुष्कळदा तो काटे सैल करून स्वतःच निघतो. निघाला नाही तर कात्री. एरवी मासा हलवायचा असेल, तेव्हा तो ज्या कवेलूत बसला आहे त्याच्या दोन्ही तोंडांना तळवे लावून कवेलूसकट बादलीत न्यावा, किंवा प्लास्टिकचा डबा पाण्यात आडवा धरून त्याला हळूच आत हाकावे. मुळात टाकी धुण्यासाठी मासा काढण्याचे कारणच नाही. पाणी भागाभागाने बदलावे, सगळी टाकी रिकामी करून घासू नये.

प्रश्न : माझ्या काळ्या कॅटफिशच्या अंगावर पांढरे ठिपके आहेत. मित्राने पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरचे निळे औषध टाकायला सांगितले. किती टाकावे?
— एक विद्यार्थी, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : एक थेंबही टाकू नये. आपल्याकडे ठिपकेवाला अॅगॅमिक्सिस आहे आणि ते ठिपके त्याचे जन्मजात आहेत. रोगाचे ठिपके मिठाच्या कणाएवढे, उंचवट्याचे आणि दोन-चार दिवसांत वाढणारे असतात आणि टाकीतल्या इतर माशांच्या परांवरही दिसतात. खरोखर रोग झालाच, तरी खवले नसलेल्या या माशाला औषधाची पूर्ण मात्रा देऊ नये, आणि तांबे असलेले औषध टाळावे.

प्रश्न : कापसावर फवारणी करून आलेल्या दिवशी टाकीतले दोन मासे मेले. पाणी नेहमीचेच होते. संबंध असू शकतो काय?
— एक शेतकरी, ता. कळंब, जि. यवतमाळ

उत्तर : दाट शक्यता आहे. फवारणीचे विष माणसाचेही काय करते, हे यवतमाळ जिल्ह्याने 2017 साली पाहिले आहे, आणि माशाला त्याहून कितीतरी कमी मात्रा पुरते. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके तर माशांना फारच घातक असतात. वावरातून आल्यावर आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय टाकीत हात घालू नये. औषध कालवलेली बादली कितीही धुतली तरी टाकीच्या पाण्यासाठी वापरू नये. टाकीची बादली वेगळ्या रंगाची ठेवून तिला खुंटीवर टांगावे. डासांच्या कॉइलमध्ये आणि प्लगमध्ये लावायच्या द्रवातही याच गटातली रसायने असतात, आणि हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. टाकी असलेल्या खोलीत मच्छरदाणी वापरावी.

प्रश्न : कॅटफिशबरोबर ठेवलेल्या बारा निऑन टेट्रा या चिमुकल्या माशांपैकी सात उरले. मेलेले सापडत नाहीत. तसेच कॅटफिशचे पोट गोटीसारखे फुगले आहे. हा जलोदर तर नव्हे?
— एक वाचक, ता. चिखली, जि. बुलढाणा

उत्तर : आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. तोंडात मावेल तो मासा रात्री हा गिळतो. एरवीही तो मिळेल तेवढे खात राहतो. पोट दोन-तीन दिवसांत ओसरेल. सोबतीला त्याच्या तोंडापेक्षा मोठे, शांत मासे ठेवावेत. खाद्य दिवे मालवल्यावर द्यावे. बुडणाऱ्या गोळ्या, चिरलेले झिंगे आणि फवारणी न झालेल्या जागेतली गांडुळे तुकडे करून, आठवड्यातून चार वेळा पुरे. टाकीत गोगलगायी माजल्या असतील, तर त्यांचाही तो बंदोबस्त करतो.

प्रश्न : पट्टेवाला कॅटफिश आता मोठा झाला आहे. गावच्या मालगुजारी तलावात सोडावा काय? त्याला तेथे मोकळे राहता येईल.
— एक वाचक, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : मुळीच सोडू नये. तो तेथे मरेल, अन्यथा जगेल. जगला तर ते अधिक वाईट. तिलापियाने तलावांत काय केले, हे आपल्याकडचे ढीवर बांधव आपल्याला सांगतील. दक्षिण अमेरिकेतलाच सकर कॅटफिश 2020 साली वाराणसीजवळ थेट गंगेत सापडला, आणि तोही कोणाच्या तरी काचेच्या टाकीतूनच निघालेला असणार. दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या एखाद्या हौशी माणसाला द्यावा. नेताना प्लास्टिकची पिशवी वापरू नये, काट्यांनी ती फाटते. झाकणाचा डबा घ्यावा.

प्रश्न : मुलीच्या बाळंतपणासाठी तीन आठवडे नागपूरला जायचे आहे. मासा तितके दिवस उपाशी राहील काय? शेजारी खाऊ घालायला तयार आहेत.
— एक वाचिका, ता. उमरेड, जि. नागपूर

उत्तर : मोठा, धष्टपुष्ट मासा एक आठवडा काहीही न खाता सहज राहतो, तीन आठवडे मात्र ठेवू नये. धोका उपासमारीपेक्षा शेजाऱ्यांच्या मायेचा अधिक आहे. मासा दिसत नाही म्हणून त्याने खाल्ले नाही असे समजून ते रोज मूठभर टाकतील आणि पाणी नासेल. निघण्यापूर्वी पाणी बदलावे, खाद्याच्या सहा लहान पुड्या बांधून प्रत्येकीवर तारीख लिहावी, आठवड्याला दोन याप्रमाणे त्या शेजाऱ्यांच्या हाती द्याव्यात, आणि खाद्याचा डबा कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावावे.